जहाज 'सलामती', बंदर मेडशी

मेडशीपासून समुद्र किती लांब आहे, हे शालिग्राम इढोळेने शाळेतल्या नकाशावर दोरा ठेवून मोजलं. सरळ रेषेत पावणेतीनशे मैलांच्या थोडं वर भरलं. हा आकडा त्याने संध्याकाळी पारावर सांगितला, तेव्हा कोणालाही वाईट वाटलं नाही. समुद्र आहे तिथे बरा आहे, त्याने इकडे येऊ नये, असं एकंदर मत पडलं. जगदेवराव पाटलांनी फक्त एक शंका काढली, की दोरा सरळ ठेवला होता की रस्त्यारस्त्याने. कारण मालेगावचा रस्ता पावसाळ्यात बंद असतो.

शालिग्राम त्याच वर्षी, म्हणजे सदतीस साली, नागपूरहून बी.एस्सी. होऊन घरी आला होता. नोकरीचे अर्ज गेले होते, उत्तरं यायची होती. बी.एस्सी. म्हणजे नेमकं काय, याबद्दल गावात दोन तट होते. एका तटाच्या मते ती डॉक्टरकीच्या अलीकडची परीक्षा होती, म्हणून ते त्याला म्हशीच्या हगवणीवर औषध विचारत. दुसऱ्या तटाच्या मते ती इंजिनिअरीच्या अलीकडची होती, म्हणून ते त्याच्याकडे बंद पडलेली घड्याळं आणत. दोन्ही तट त्याला मास्तर म्हणत, कारण एवढं शिकून घरी बसलेल्या माणसाला दुसरं काय म्हणावं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शालिग्रामला ते मनातून लागे. घड्याळ मात्र तो उघडायचाच. आतली चाकं दिसली की त्याला अपमानाचा विसर पडे.

समुद्राचा विषय निघाला तो हेमसिंग राठोडमुळे. गावापासून कोसभरावर तांडा होता, तिथला हा साठीला टेकलेला माणूस. मोठ्या दुष्काळात तो पोटासाठी मुंबईला गेला, तिथून 'सलामती' नावाच्या सागवानी, शिडाच्या जहाजावर चढला, आणि नऊ वर्षं मलबार, मुंबई, बसरा अशा फेऱ्या करून परत आला. असं तो सांगे. त्याची बायको नानीबाई वेगळं सांगे. लग्न झाल्यापासून तिचं म्हणणं एकच होतं, की हा माणूस मुंबईत कुठल्याशा खानावळीत बशा धूत होता आणि ते सांगायची लाज वाटते म्हणून त्याने जहाज काढलं. नवरा-बायको आपसांत गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलत. पण हा मुद्दा आला की नानीबाई मुद्दाम वऱ्हाडीवर येई, म्हणजे तिचं म्हणणं गावालाही कळावं.

इतकी वर्षं हेमसिंगने हे हसून सोसलं होतं. त्या उन्हाळ्यात मात्र कापसाच्या सौद्याला आलेल्या एका कच्छी व्यापाऱ्याने बोलता बोलता सांगितलं, की 'सलामती' गेल्या साली किनाऱ्यावर ओढून मोडली. लाकूड चांगलं निघालं. त्याच्या चौकटी झाल्या, उरलेलं जळणाला गेलं. हेमसिंग उठून थेट शालिग्रामच्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर," तो म्हणाला, "जहाज होतं तवर मले कोनी लबाड म्हनलं तं राग नाई आला. मनात म्हनो, हाय ते दर्यावर, जाऊन पाहा. आता कोनाले कुठं पाठवू?"

व्यापाऱ्याची साक्ष नानीबाईने आधीच निकालात काढली होती. व्यापाऱ्यानं जहाज पाह्यलं असन, पन त्यात आमच्या मान्साले कवा पाह्यलं, असा तिचा बिनतोड सवाल होता.

शालिग्रामला झोंबलं ते वेगळंच. कॉलेजात मेलेला बेडूकसुद्धा बरणीत घालून, चिठ्ठी लावून फडताळात ठेवत. आणि इथे एक अख्खं जहाज नाहीसं झालं, त्याची चिठ्ठीसुद्धा कुठे नाही. असलंच तर ते एका म्हाताऱ्याच्या डोक्यात, आणि त्या डोक्यावर त्याच्या घरच्यांचा विश्वास नाही. त्याने ठरवलं, की 'सलामती'चं एक अचूक चित्र काढायचं. फक्त चित्र. पुढे जे काही झालं त्याची सुरुवात एका कोऱ्या कागदाने आणि टोक केलेल्या पेन्सिलीने झाली, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

त्याने पहिला प्रश्न विचारला, जहाजाची लांबी किती. हेमसिंगने डोळे मिटले आणि सांगितलं, चार तांडे. त्याच्या आज्याचा तांडा तीनशे बैलांचा होता, पाठीवर मिठाच्या गोण्या लादून कोकणातून वऱ्हाडात यायचा. तसे चार तांडे जेवढा माल वाहतील, तेवढा 'सलामती'च्या पोटात मावे. एवढं कळल्यावर लांबी कोणी कशाला मोजावी, हे हेमसिंगला समजेना. शालिग्राम मात्र खूश झाला. बैलावरून वजन, वजनावरून घनफळ, घनफळावरून लांबी, असं तो सबंध दुपार काढत बसला आणि अठ्ठेचाळीस हातांवर आला. शिकलेलं कुठेतरी उपयोगी पडतंय असं त्याला आयुष्यात प्रथमच वाटलं. हेमसिंगला आकडा दाखवला तेव्हा तो म्हणाला, असन बा.

दुसरा प्रश्न होता, जहाज बाहेरून दिसायला कसं होतं.

"भाईरून म्हंजे?" हेमसिंगने विचारलं.

इथे पहिली अडचण उभी राहिली. हेमसिंग जहाजावर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. जहाजावर तो चढला तो धुक्यात, होडीतून, दोराच्या शिडीने. त्यानंतर बंदरात उतरला तो दर वेळी डोक्यावर काहीतरी घेऊन, आणि डोक्यावर ओझं असलेला माणूस पायाखालची फळी पाहतो. एकदा मलबारात गोडं पाणी भरायला किनाऱ्यावर गेला असता त्याने मागे वळून पाहिलं होतं, पण पाऊस इतका होता की दोन डोलकाठ्या तेवढ्या दिसल्या. नऊ वर्षांत 'सलामती' त्याने बाहेरून पाहिलीच नव्हती. शालिग्रामच्या चेहऱ्यावर निराशा दिसली असावी, कारण हेमसिंग जरा घुश्शात म्हणाला, "मास्तर, तुमी तुमच्या घराले वरून कवा पाह्यलं?"

आतलं मात्र त्याला सगळं पाठ होतं, म्हणजे स्वयंपाकघर. चुलीची वाळूची पेटी, पाण्याचं पिंप, कांद्याची जाळी, सारं तो हाताने हवेत दाखवी. बाकीचं जहाज त्याला जेवणावरून आठवे. बसऱ्याच्या वाटेवर मोठं वादळ झालं, त्या दिवशी डाळ उरली. एकदा चाचे दिसले होते म्हणतात. भात कच्चा राहिला. तांडेल, म्हणजे जहाजाचा मुख्य, दिसायला कसा होता ते त्याला आठवत नव्हतं, पण त्याला लसूण चालत नसे. शालिग्राम सगळं लिहून घेई. त्याला एका गोष्टीचं नवल वाटत होतं, की इतकं मोठं जहाज एका माणसाच्या डोक्यात एका चुलीएवढं होऊन बसू शकतं.

आता ही चूल साध्या चित्रात कशी दाखवायची? चित्राला एकच बाजू. म्हणून मातीचा नमुना ठरला. मातीचा नमुना वाळताना दुभंगला, तेव्हा लाकडाचा ठरला. लाकडाचा ठरल्यावर हातभर लांबीच्या जहाजात चूल मसुराएवढी येते हे ध्यानात आलं, म्हणून बारावा हिस्सा धरून चार हात लांबी ठरली. आणि चार हात लांबीचं जहाज केल्यावर ते पाण्यात सोडून पाहायचं नाही, हे विज्ञानाच्या पदवीधराला शोभलं नसतं. कस्तुराबाईंना, म्हणजे शालिग्रामच्या आईला, हे सगळं कळलं ते तिच्या लहानपणच्या भातुकलीतल्या दोन पितळी कळश्या जहाजाच्या स्वयंपाकघरासाठी नाहीशा झाल्या तेव्हा. नोकरीच्या अर्जांचं काय झालं, एवढंच तिने विचारलं.

गावाने मात्र मनापासून सल्ला दिला. गावाने पाहिलेलं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे अकोल्याच्या स्टेशनावरचं इंजिन, त्यामुळे जहाजाला धुराडं हवं याबद्दल दुमत नव्हतं. हे शिडाचं जहाज आहे, वाऱ्यावर चालतं, असं शालिग्रामने समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि मग धुराडं लहान ठेवा म्हणाले. जगदेवराव पाटलांनी कुठल्याशा पुस्तकात लढाऊ जहाजाचं चित्र पाहिलं होतं. त्यांना दोन्ही बाजूंना तोफा हव्या होत्या. खजूर वाहणाऱ्या जहाजाला तोफा कशाला, असं विचारल्यावर पाटील म्हणाले, खजुराले राखन नको काय. हेमसिंग प्रत्येकाला मान डोलावी. आपलं जहाज अखेर लोकांच्या तोंडी आलं, याचंच त्याला इतकं अप्रूप होतं, की त्याने धुराडंही कबूल केलं असतं. शालिग्रामने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की साक्षीदाराने असं वागू नये.

काम जानराव सुताराकडे गेलं. जानराव हा चांगला कारागीर, पण दिवस होते श्रावणाचे. त्या दिवसांत जानराव तान्ह्या पोळ्याचे बैल करी. थोरला पोळा खऱ्या बैलांचा, त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा पोरांच्या लाकडी बैलांचा. वितीएवढ्या बैलापासून हातभर बैलापर्यंत, सगळे चार चाकांच्या पाटावर उभे. त्याच्या अंगणात ओळीने बैल वाळत होते आणि मधोमध पांगाऱ्याचा एक मोठा ओंडका जहाज होण्याची वाट पाहत पडला होता. शालिग्रामने मापांचा कागद दिला. जानरावाने तो आदराने दोन्ही हातांत घेतला, वाचता येत नसल्यामुळे तितक्याच आदराने आढ्याला खोचला, आणि हेमसिंगला विचारून काम सुरू केलं. हेमसिंगला बाहेरचं रूप ठाऊक नव्हतं, हे आपण पाहिलंच. तेव्हा जे ठाऊक नव्हतं ते जानरावाच्या हाताने स्वतःच ठरवलं, आणि त्या हाताला एकच आकार येत होता.

पोळ्याच्या तीन दिवस आधी शालिग्राम पाहायला गेला. जहाज देखणं झालं होतं. दोन डोलकाठ्या होत्या, शिडं होती. एक बाजू त्याने सांगितल्याप्रमाणे उघडी ठेवली होती, त्यातून स्वयंपाकघर, चूल, चुलीवरच्या कळश्या लखलखीत दिसत होत्या. पण जहाजाचा पुढचा भाग छाती काढून उभा होता, त्यावर मानेसारखं काहीतरी होतं, आणि खाली चार चाकं होती.

"जानरावभाऊ," शालिग्राम शक्य तितक्या शांतपणे म्हणाला, "जहाजाला चाकं नसतात."

"मंग पोरं वढतीन कसं?" जानराव म्हणाला.

जहाज कोणी ओढत नाही, ते पाण्यावर तरंगतं, हे शालिग्रामने सांगितलं. जानरावाने ते नाकारलं नाही. पाण्यावर गेल्यावर तरंगेल ना, पण पाण्यापर्यंत जाईल कसं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि तलाव गावापासून चांगला लांब असल्यामुळे ते अगदीच टाकाऊही नव्हतं. शेवटी असं ठरलं, की तलावाच्या काठी चाकं काढायची. हेमसिंगला विचारलं, पुढचा भाग असाच होता का. त्याने त्या बैलाच्या छातीवरून हात फिरवला आणि म्हणाला, असन बी.

आता खरं तर गुपचूप जाऊन जहाज पाण्यात सोडता आलं असतं. पण पाटलांनी तलाव सरकारी आहे, त्यातल्या मासळीचा ठेका दिलेला आहे, अशी आठवण दिली होती, आणि शालिग्रामचा स्वभाव बिनचूक. त्याने कचेरीत अर्ज केला, की मौजे मेडशी येथील तलावात जहाज सोडण्याची परवानगी मिळावी. खेळणं असं लिहिलं असतं तर अर्ज तिथेच निकाली निघाला असता. पण चार हात लांबीच्या, बाराव्या हिश्श्याने केलेल्या, घनफळावरून सिद्ध केलेल्या वस्तूला खेळणं म्हणणं त्याच्या जिवावर आलं.

कचेरीत जहाजाचं खातं नव्हतं. म्हणून अर्ज नदीवरच्या होड्यांचे ठेके पाहणाऱ्या कारकुनाकडे गेला. त्याने विचारलं, जहाजाचं नाव, बंदर आणि उतारूंची संख्या कळवावी. शालिग्रामने कळवलं: सलामती, मेडशी, कोणी नाही. उलट विचारणा आली, की उतारू नाहीत तर जहाज कोठून कोठे व कशासाठी जाणार. शालिग्रामने विचार करून लिहिलं, या काठावरून सुटून, शक्य झाल्यास, याच काठावर. ते 'शक्य झाल्यास' त्याने केवळ शास्त्रीय प्रामाणिकपणाने घातलं होतं, आणि त्यानेच घात केला. ज्या जहाजाच्या परत येण्याची खात्री अर्जदारालाच नाही, त्याची सुटण्यापूर्वी पाहणी झाली पाहिजे, असा शेरा पडला. पाहणीला स्वतः महसूल खात्याचे सर्कलसाहेब येणार होते. त्यांनी दिलेली तारीख तान्ह्या पोळ्याची निघाली.

जहाज पाहायला सरकार येणार, ही बातमी तांड्यावर पोचली तेव्हा नानीबाई म्हणाली, बरं झालं. आजवर ती एकटी म्हणत होती, आता सरकार लिहून देईल. "बुडालं तं बुडालं म्हना," तिने हेमसिंगला चार बायांदेखत सांगितलं, "मंग यापुढं माह्या घरात जहाजाचं नाव नाई काढाचं." हेमसिंगने कबूल केलं. ही गोष्ट त्याने शालिग्रामला सांगितली, आणि त्या दिवसापासून शालिग्रामची जेवणावरची वासना उडाली. तोवर त्याच्या लेखी ती एका नमुन्याची चाचणी होती. आता म्हाताऱ्याची नऊ वर्षं त्या पांगाऱ्याच्या ओंडक्यावर बसून पाण्यात उतरणार होती.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी तो जानरावाकडे गेला आणि चाकं काढ म्हणाला. जानरावाने कानाला हात लावले. पोळ्याचे दोन दिवस सुतार हत्यार चालवत नाही. पटाशी, करवत सगळी पूजेला मांडलेली होती, त्यांच्यावर हळदकुंकू होतं. उद्या या म्हणाला. सरकार आज येतंय असं सांगितल्यावर त्याने सरकारालाही उद्या या म्हणून सांगायला सुचवलं.

तेव्हा जहाज चाकांसकट निघालं. आणि ते निघालं तेच मुळी मिरवणुकीत, कारण गावातल्या पोरांनी त्याच्या त्या मानेला आधीच कासरा बांधला होता आणि जहाजामागे लहान-मोठे लाकडी बैल रांगेत लागले होते. तान्ह्या पोळ्याचे बैल दारोदार जातात, बाया ओवाळतात, पोरांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ ठेवतात. जहाजही दारोदार गेलं. शालिग्राम प्रत्येक दारात घाई करत होता आणि प्रत्येक दारात त्याच्या जहाजाला कुंकू लागत होतं. मनकर्णाबाई नावाच्या म्हातारीने हे कोणतं जनावर म्हणून विचारलं. दर्यातलं, असं कोणीतरी सांगितलं. तिने विश्वासाने पुरणपोळीचा तुकडा जहाजाच्या तोंडाला लावला. जहाजाला तोंड आहे याबद्दल गावात कोणालाच शंका उरली नव्हती. शालिग्राम खाली मान घालून चालत होता. नागपूरच्या प्रोफेसरांपैकी कोणी या वेळी मेडशीत असण्याचा संभव नाही, एवढाच त्याला आधार होता.

तलावाच्या काठावर सर्कलसाहेब बाभळीच्या सावलीत ताटकळले होते. बरोबर कोतवाल आणि जमीन मोजायची जरीब, म्हणजे लोखंडी साखळी. साहेबांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली होती, तेव्हा जहाजही ते त्याच साखळीने मोजणार हे उघड होतं. त्यांनी अर्ज वाचला, जहाज पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. चाकांचा उल्लेख अर्जात का नाही, असं विचारलं. शालिग्राम उत्तर जुळवत होता तोवर कोतवालाने साखळीचं एक टोक जहाजाच्या मागच्या कडीत अडकवलं, दुसरं टोक साहेबांनी धरलं, आणि पोरांनी, आता मोजणी व्हायची म्हणून, अदबीने कासरा सोडला.

काठाला उतार होता. जानरावाची चाकं उत्तम होती, नुकतंच एरंडेल पाजलेली. जहाज आधी हळू, मग स्वतःच्या मर्जीने, मग कोणाच्याच मर्जीने नाही असं निघालं. सर्कलसाहेब सरकारी साखळी सोडणाऱ्यांतले नव्हते. ते तिच्याबरोबर पोटरीएवढ्या पाण्यात गेले आणि तिथे त्यांनी ती सोडली. त्यांच्या अहवालात पुढे असं वाक्य होतं, की सदर जहाज पूर्वसूचना न देता सुटते.

आणि जहाज तरंगलं. काठावरून एक मोठा श्वास ऐकू आला. पण तो पुरता व्हायच्या आत जहाज डाव्या अंगाला कललं. बैलाची छाती जड, चाकं एका बाजूला अडलेली, वरून वारा. ते उजवीकडे यायचं, पुन्हा डावीकडे पडायचं, आणि मानेने होकार दिल्यासारखं करायचं. स्वयंपाकघराच्या उघड्या बाजूने कस्तुराबाईंची एक कळशी चुलीवरून घसरली, काठावर टणकन आपटली आणि पाण्यात गेली. मग लोक हसले. आधी पोरं, मग पाटील, मग सगळे. ते वाईट मनाने हसत नव्हते. सणाचा दिवस होता, आणि हसण्यासारखं होतंच.

नानीबाई तांड्यावरच्या बायांबरोबर काठाच्या उंचवट्यावर उभी होती. ती हसली नाही. "पाह्यलं नं," एवढंच म्हणाली, आणि तेही फार मोठ्याने नाही.

शालिग्रामला तिथून निघून जावंसं वाटलं. आपल्या गणितात चूक कुठे झाली, हे त्याला आत्तासुद्धा पाहायचं होतं, पण त्याने हेमसिंगकडे पाहिलं आणि गणित राहिलं. हेमसिंग कळशी पडली तिथे टक लावून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. कोणाच्या तरी गाढवपणाने स्वयंपाक सांडल्यावर स्वयंपाकी पाहतो तसा तो पाहत होता. त्याने धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरला.

"जानराव," तो कंबरभर पाण्यातून ओरडला, "तुह्या ओळंब्याचा दोरा दे इकडं."

ओळंबा हे हत्यार आहे की नाही, यावर जानराव क्षणभर घुटमळला. त्याला धार नसते असं ठरवून त्याने खिशातून काढून दिला. हेमसिंगने साखळीला धरून जहाज काठाजवळ गुडघाभर पाण्यात ओढून आणलं, दातांनी दोऱ्याचे तीन तुकडे केले, उरलेल्या कळशीच्या गळ्याला तीन बाजूंनी बांधले आणि ती स्वयंपाकघराच्या आढ्याला अशी टांगली, की चुलीच्या तोंडावर ती अधांतरी राहावी. मग ओंजळीने तिच्यात काठोकाठ पाणी भरलं. हे सगळं त्याने इतक्या सवयीने केलं, की मधे बोलावं असं कोणाला वाटलं नाही. आणि मग त्याने जहाजाला दोन्ही हातांनी धरून हलवायला सुरुवात केली.

डावीकडे, उजवीकडे. डोलकाठ्या पाण्याला टेकायच्या बेताला येत होत्या. शिडं फडफडत होती, बैलाची मान पाण्यात बुडून वर येत होती, चाकं गरगरत होती. सबंध जहाज कळशीच्या भोवती झोकांड्या खात होतं आणि कळशी तेवढी सरळ लोंबत होती. पाणी सांडत नव्हतं. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

शालिग्राम धावत पाण्यात शिरला. त्याच्या मनात ओळंबा, लंबक, गुरुत्वमध्य असं सगळं एकदम उभं राहिलं होतं. हे आधी का नाही सांगितलं, असं त्याने जवळजवळ रागावून विचारलं.

"तुमी चुलीची लांबी-रुंदी इचारली," हेमसिंग म्हणाला. "हांडी कशी ठेवतेत, हे कोनी इचारलं?"

सर्कलसाहेब ओले पाय झटकत काठावर बसले होते. त्यांनी कोतवालाला सांगितलं, की जहाज परत याच काठावर आलेलं दिसतं, तेव्हा हरकत नसल्याचं लिहून टाकावं. पाटील आता खजुराच्या राखणीबद्दल पुन्हा बोलू लागले होते. पण बाया कळशीकडे पाहत होत्या. घरोघर चूल सांभाळणाऱ्या त्या बायांना तिथे काय झालं हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नानीबाई उंचवट्यावरून खाली आली. लुगड्याचा काठ भिजू नये म्हणून तिने तो हातात धरला होता, पण पाण्याशी आल्यावर सोडून दिला. ती जहाजापाशी येऊन वाकली, उघड्या बाजूने आत पाहिलं, बोटाने कळशीला एक हलका धक्का दिला. कळशी हलली आणि पुन्हा सरळ झाली. नानीबाईने कोणाकडेच पाहिलं नाही.

"मास्तर," ती म्हणाली, आणि वऱ्हाडीत म्हणाली, काठावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशी, "खानावळीतली चूल हालत नाई."

हेमसिंगचे हात जहाजावरच थांबले.

नानीबाई मात्र थांबली नव्हती. ती अजून आत वाकून पाहत होती. पिंपाला हात लावला, कांद्याची जाळी चाचपली, चुलीची पेटी पाहिली, आणि काहीतरी शोधत असल्यासारखी तिची नजर पुन्हा पुन्हा त्या चिमुकल्या स्वयंपाकघरातून फिरली. शालिग्रामला वाटलं, तिला चूक सापडली.

"अन् मीठ?" तिने नवऱ्याला विचारलं. "मीठ कुठं ठिवत होते? दर्याच्या हवेनं पानी सुटत असन त्याले."

तिने त्याला जहाजाबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"चुलीच्या वर," हेमसिंग म्हणाला. "नारयाच्या करवंटीत. टांगून."

नानीबाईने वर पाहिलं, जिथे ती करवंटी असती तिथे. अंतर मोजल्यासारखं केलं. मग मान हलवली.

"हं," ती म्हणाली. "मी बी तिथंच ठिवलं असतं."